दोस्तोव्हस्कीची ‘जुगारी’ आणि आपली प्रवचने

द्यूत या विषयावर आपल्या मंडळ्यांतून जी प्रवचने होतात त्यांचा साचा आता पक्का ठरून गेला आहे. प्रथम लोभाची निंदा, नंतर धुळीस मिळालेल्या एखाद्या संसाराचे वर्णन, आणि वक्ता थोडा गणित जाणणारा असेल तर अखेरीस चार आकडे. आम्हीही कित्येक वर्षे याच साच्यातून प्रवचने काढली, हे आरंभीच कबूल केलेले बरे. काही वर्षांपूर्वी बेळगावकडील एका मंडळीत असे प्रवचन झाल्यावर एक प्रौढ गृहस्थ आम्हांस बाहेर भेटले. मटक्याचा आकडा लावण्याची त्यांची सवय गावात कोणापासून लपलेली नव्हती. ते अदबीने म्हणाले, “पाळकसाहेब, हिशेबात तुमची थोडी चूक झाली. एकेरी आकड्याला नऊपट मिळतात, जोडीला नव्वदपट. म्हणजे रुपयातले दहा पैसे बुकीचे. तुम्ही सांगितलात तेवढा तोटा नाही. पण तोटा आहे, हे मला ठाऊक आहे.” एवढे बोलून ते निघून गेले.

त्या शेवटच्या वाक्याने आमच्या साऱ्या प्रवचनाचे बळ काढून घेतले. हे गृहस्थ अडाणी नव्हते. त्यांच्या राहणीत लोभाचेही चिन्ह नव्हते. जिंकलेले पैसे ते बहुधा दुसऱ्याच दिवशी पुन्हा लावीत. ज्याला तोटा ठाऊक आहे आणि ज्याला पैसा फारसा नको आहे, असा मनुष्य आकडा लावतो तो कशासाठी? या प्रश्नाला उत्तरासारखे काही आम्हांस पुढे एका कादंबरीत सापडले. म्हणून तिचा येथे थोड्या विस्ताराने परामर्श घेण्याचे योजिले आहे.

फ्योदोर दोस्तोव्हस्कीची ‘जुगारी’ ही लहानशी कादंबरी १८६६ सालची. आम्ही ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. तिची जन्मकथा प्रसिद्ध आहे. कर्जाने गांजलेल्या दोस्तोव्हस्कीने १८६५ मध्ये स्टेलोव्हस्की नामक प्रकाशकाकडून तीन हजार रुबल घेतले आणि करारावर सही केली. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढील नऊ वर्षे लेखक जे लिहील ते मोबदल्यावाचून छापण्याचा हक्क प्रकाशकाचा. ऑक्टोबर उजाडला तरी त्या कादंबरीची एक ओळ कागदावर नव्हती. तेव्हा अ‍ॅना ग्रिगोर्येव्हना या वीस वर्षांच्या लघुलेखिकेस बोलावून त्याने सव्वीस दिवसांत ती तोंडी सांगून पुरी केली. हस्तलिखित देण्याच्या दिवशी प्रकाशक गावाबाहेर निघून गेलेला. अखेर ते पोलीसचौकीत जमा करून पावती घ्यावी लागली. पुढील फेब्रुवारीत त्या लघुलेखिकेशी लेखकाचा विवाह झाला. जुगाऱ्याची कथा लिहिण्यासाठी लेखकाने स्वतःच नऊ वर्षांची कमाई एका महिन्यावर लावली होती, हे वाचकाच्या ध्यानात येतेच.

कथा जर्मनीतील रुलेटेनबर्ग या कल्पित गावी घडते. औषधी झरे, मोठी हॉटेले आणि रूलेटचा अड्डा असे ते गाव. निवेदक अलेक्सेई इव्हानोविच हा पंचविशीतील तरुण, एका रशियन जनरलच्या मुलांचा शिक्षक. जनरल कर्जबाजारी असून एका फ्रेंच सावकाराच्या मुठीत आहे. मॉस्कोतील एक श्रीमंत, आजारी वृद्धा, जिला सर्वजण ‘आजी’ म्हणतात, ती केव्हा मरते आणि वारसा केव्हा हाती येतो, याकडे त्याचे डोळे लागले आहेत. तारांवर तारा जात आहेत. जनरलच्या पैशावर डोळा ठेवून असलेली फ्रेंच युवती आणि तिचे सोबती, सर्वांचे गणित त्या एका मृत्यूवर बसविलेले आहे. रूलेटचे चक्र वाचकाला नीट दिसण्यापूर्वीच लेखकाने हा दुसरा जुगार मांडून ठेवला आहे. तो प्रतिष्ठित लोकांचा आहे, त्याला कोणी जुगार म्हणत नाही, आणि त्यातील निकाल प्रत्येकाला जवळजवळ निश्चित वाटतो.

आणि आजी जिवंत येते. पंचाहत्तर वर्षांची, खुर्चीत बसून नोकरांकडून जिने चढवून घेणारी, मोठ्याने बोलणारी, सर्वांची हजेरी घेणारी. या कादंबरीतील सर्वोत्तम भाग हाच, असे आमचे स्पष्ट मत आहे. आल्याबरोबर तिला खेळ पाहावयाचा असतो. शून्य म्हणजे काय, असे ती विचारते. शून्य आले तर टेबलावरचे सारे बँक ओढून घेते, पण शून्यावरच पैसे लावणाऱ्यास पस्तीसपट मिळतात, हे कळताच ती शून्यावर नाणे ठेवावयास सांगते. अलेक्सेई तिला अडवितो. शून्य आत्ताच येऊन गेले, आता ते बराच वेळ येणार नाही, असे तो समजावतो. आजी ऐकत नाही. काही डाव जातात, आणि शून्य येते.

या प्रसंगात सुशिक्षित शिक्षकाची समजूत चुकीची आहे आणि अडाणी म्हातारीचा हट्टही चुकीचा आहे, याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. चक्राला स्मृती नसते. शून्य आत्ताच आले म्हणून ते दूर जात नाही आणि बराच वेळ आले नाही म्हणून जवळही येत नाही. प्रत्येक फेरीत त्याची शक्यता सदतिसात एक, तेवढीच. परंतु शून्य आले, आणि त्या क्षणी आजीच्या दृष्टीने तिच्या हट्टाला कोठून तरी होकार मिळाला. शिक्षक खोटा ठरला. पुढे तिला कोणी काही सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी ती हजारो जिंकते आणि नोकरांना बक्षिसे वाटते. नंतर जवळची रोकड, मग मिळेल त्या भावाने विकलेले रोखे, असे करीत सुमारे एक लाख रुबल चक्रावर जातात. परतीच्या प्रवासापुरते पैसे तिला मि. अ‍ॅस्टली या इंग्रज गृहस्थाकडून उसने घ्यावे लागतात. निघताना तिला एक नवस आठवतो. मॉस्कोजवळच्या आपल्या गावचे लाकडी चर्च दगडात बांधून देण्याचे तिने कबूल केले होते आणि त्याऐवजी ती येथे येऊन पैसा उधळून बसली; आता जाऊन चर्च बांधावयाचे. लेखक यावर एक शब्दही भाष्य करीत नाही. आजी गाडीत बसते आणि जाते.

आता त्या चक्राचे गणित. सदतीस घरे, छत्तीस अंक आणि एक शून्य. एका अंकावर जिंकल्यास पस्तीसपट. सर्व घरांवर एकेक नाणे ठेवले तर सदतीस नाणी घालून छत्तीस परत मिळतात. बँकेचा वाटा सदतिसात एक, म्हणजे शेकडा २.७. बेळगावच्या त्या गृहस्थांचा बुकी शेकडा दहा घेतो. त्या मानाने जर्मन अड्डा उदारच म्हणावयाचा. तांबड्यावर दर वेळी एक नाणे लावून एक हजार डाव खेळले, आणि शून्य आल्यास नाणे गेले असे धरले, तर सरासरी सत्तावीस नाण्यांचा तोटा होतो. (कादंबरीतील अड्ड्यावर अशा वेळी एक जादा फेरी देण्याची सवलत आहे, तिने तोटा मंदावतो, थांबत नाही.) पण सरासरी म्हणजे प्रत्येकाचे भवितव्य नव्हे. हजार डावांनंतरही पाच खेळणाऱ्यांपैकी सुमारे एक जण फायद्यात असतो. दहा हजार डावांनंतर मात्र असे हजारांत तीन-चारच उरतात. आमच्या प्रवचनांतून हा भाग नेहमी सुटत आला. जुगारात सर्वजण हरतात असे आम्ही सांगतो, आणि ऐकणाऱ्याच्या ओळखीत परवा जिंकलेला एक मनुष्य असतोच. तो आमच्यावर विश्वास ठेवीत नाही, आणि त्याबाबतीत त्याचे चुकत नाही.

अलेक्सेईकडे वळू. त्याला हे सर्व कळते. टेबलाभोवती कागदावर रेघा आखून, आलेले अंक टिपून हिशेब करीत बसणारी माणसेही अखेरीस हिशेब न करणाऱ्यांसारखीच हरतात, हे तो आरंभीच नमूद करतो. तांबडा सोळा वेळा लागोपाठ आला की सतराव्या वेळी काळा येणारच, असे समजून नवखे लोक दुप्पट-तिप्पट लावून बुडतात, हेही त्याला माहीत आहे. आणि तरीही जनरलची सावत्र मुलगी पोलिना संकटात त्याच्या खोलीवर येते त्या रात्री तो अड्ड्याकडे धावतो. तांबडा सात वेळा लागोपाठ आलेला पाहून मुद्दाम तांबड्यालाच चिकटून राहतो. सात तांबड्यांची शक्यता सुमारे दीडशेत एक. पण ते येऊन गेल्यावर आठव्याची शक्यता पहिल्याइतकीच, निम्म्याहून किंचित कमी. नवख्यांच्या चुकीला हसणारा हा जाणता त्याच चुकीची उलटी बाजू धरून बसतो. पाहणाऱ्यांना चकित करावे, एवढीच त्या वेळी त्याची इच्छा असते. तो दोन लाख फ्रँक जिंकतो. सकाळी पोलिना त्यांतले पन्नास हजार त्याच्या तोंडावर फेकून निघून जाते. उरलेले तो पॅरिसमध्ये, ज्या स्त्रीवर त्याचे प्रेम नाही तिच्यासाठी, काही आठवड्यांत उडवून टाकतो आणि उडताना शांतपणे पाहत बसतो. यात लोभ कोठे आहे? कादंबरीच्या आरंभीच, एका मोठ्या डावापूर्वी, नशिबाला टिचकी मारावी, त्याला वेडावून दाखवावे अशी विचित्र ऊर्मी आपल्याला आल्याचे तो सांगतो. त्याचा व्यवहार नाण्यांशी नसून पलीकडच्या कोणाशी तरी आहे.

येथे लेखकाच्या एका भ्रमाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण तो आपल्या कामाशी फार जवळून निगडित आहे. १८६३ च्या सुमाराच्या पत्रांत दोस्तोव्हस्की लिहितो, की जिंकण्याचे रहस्य त्याला सापडले आहे आणि ते अगदी साधे आहे: प्रत्येक क्षणी मनावर ताबा ठेवावयाचा, उत्तेजित व्हावयाचे नाही. हरल्यावर तो दोष चक्राला देत नसे. आपला ताबा सुटला, म्हणून आपण हरलो, असे मानी. मनुष्यस्वभावाच्या या महान जाणकाराचे गणित येथे साफ चुकले आहे. शांत मनाने खेळणाऱ्याकडूनही बँक सदतिसात एक घेतेच. संयमाने एवढेच होते की ती सावकाश घेते. आता आपण जुगाऱ्याला काय उपदेश करतो तो आठवा. मन आवर, ताबा ठेव, हात आखडता घे. हा उपदेश त्याच्या कानी नवा नाही. तो त्याचाच जुना गुरुमंत्र आहे, आणि त्याच्याच जोरावर तो उद्या पुन्हा जाणार आहे. आमच्या तोंडून बाहेर पडलेला संयमाचा उपदेश किती जणांना अशा रीतीने परत टेबलाकडे घेऊन गेला असेल, या विचाराने आम्ही अस्वस्थ झालो.

मराठी वाचकाला या ठिकाणी वनपर्वातील नलाख्यान आठवेल. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने व फळे किती ते सांगतो, नल मोजून पाहतो तो संख्या बरोबर. आणि त्या गणनाविद्येसह अक्षहृदय हाती येताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो. ज्ञान आले की पछाडणे संपते, ही त्या कथेची श्रद्धा. (तीच विद्या घेऊन नल पुन्हा पुष्कराशी खेळावयास बसतो, हा भाग आपले कीर्तनकार घाईने उरकतात.) दोस्तोव्हस्कीच्या कथेत अक्षहृदय जाणूनही कली जात नाही. हिशेबाने बरा होणारा जुगारी असू शकतो. आम्ही त्याला प्रत्यक्ष भेटलेलो नाही.

मग या मनुष्याला हवे तरी काय? आमचे वाचन असे आहे की त्याला एक निर्णय हवा आहे. जगाच्या मुळाशी जे काही आहे ते आपल्या बाजूचे आहे की नाही, याचा निर्णय. मटक्यात स्वप्नात दिसलेल्या वस्तूवरून आकडा काढतात, एखाद्या वेडसर साधूच्या पुटपुटण्यातून जोडी शोधतात. ती माणसे त्या घटकेला पैशाचा विचार करीत नसतात, खूण शोधीत असतात. चिठ्ठ्या टाकून मत्थियाची निवड झाल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे, आणि त्यावरून जुगार व चिठ्ठ्या यांत फरक काय, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात हमखास येतो. (मंडळीच्या सणाच्या हाउझीविषयीही येतो, तो आम्ही आज टाळतो.) या कादंबरीने आम्हांस त्याचे एक उत्तर सुचविले. तेथे चिठ्ठी एकदा टाकली गेली, उत्तर आले, आणि सर्वांनी ते मानले. जुगारी उत्तर मानीत नाही. नकार आला तर तो पुन्हा विचारतो. होकार आला तर तो खरा होता का हे पाहण्यासाठी पुन्हा विचारतो. आजीला पहिल्याच संध्याकाळी होकार मिळाला होता. ती थांबली नाही. मात्र अखेरच्या नकारानंतर ती थांबू शकली, आणि अलेक्सेईला तेही साधत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या कोड्याकडे अनेक बाजूंनी पाहिले आहे. १९२८ च्या एका निबंधात फ्रॉइडने दोस्तोव्हस्कीचा जुगार म्हणजे अपराधी मनाने स्वतःला दिलेली शिक्षा, असा अर्थ लावला. सर्वस्व गमावल्यावरच त्याचे लेखन उत्तम चाले, या निरीक्षणाचा त्याला आधार होता. कल्पना चतुर आहे, पण तिच्यात आजी बसत नाही. स्किनर व फर्स्टर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेले कबुतरांचे प्रयोग अधिक उपयोगी वाटतात. किती चोची मारल्यावर दाणा मिळेल हे अनिश्चित ठेवले, की पक्षी सर्वांत चिकाटीने चोच मारीत राहतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या विकाराला आपल्या सूचीत स्थान दिले आणि २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसविले. आता हे चक्र भ्रमणध्वनीतून प्रत्येकाच्या खिशात गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेला ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. बंदीचे आम्ही स्वागतच करतो. परंतु कबुतराला ‘उद्या’ हा शब्द ठाऊक नसतो, आणि या कादंबरीतील जुगाऱ्याचा सारा आजार त्या शब्दात आहे.

कादंबरीत दोष पुष्कळ आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. घाई जागोजाग दिसते. फ्रेंच आणि पोलिश पात्रे केवळ थट्टेसाठी आणली असून त्या थट्टेत रशियन अहंकाराचा दर्प येतो. शेजारधर्म शिकविणाऱ्या वाचकाला तो खटकावा. पोलिनाचे मन अखेरपर्यंत उलगडत नाही. ते गूढ लेखकाने हेतुपूर्वक ठेवले असे काही टीकाकार म्हणतात. सव्वीस दिवसांत त्याला ते जमले नाही, असे आम्हांस वाटते. मि. अ‍ॅस्टली तर सद्गुणांचे कोरडे पुतळे आहेत. तथापि शेवटच्या प्रकरणात याच पुतळ्याच्या तोंडून अलेक्सेईला कळते की पोलिनाचे त्याच्यावर प्रेम आहे. जे उत्तर तो चक्राला विचारीत होता ते एका माणसाने येऊन सांगितले. अ‍ॅस्टली त्याच्या हातावर दहा सोन्याची नाणी ठेवून जातो, जास्त देत नाही, कारण ती कोठे जाणार हे त्याला ठाऊक आहे. अलेक्सेई क्षणभर तिच्याकडे जावे असे ठरवितो. मग त्याला जुनी एक संध्याकाळ आठवते. सर्व हरून तो बाहेर पडला होता, खिशात एक गुल्डन सापडला, निदान जेवण होईल असे मनात आले. शंभर पावले गेल्यावर तो मागे फिरला, तो गुल्डन लावला आणि वीस मिनिटांत एकशे सत्तर घेऊन निघाला. या आठवणीवर आणि ‘उद्या’ या आशेवर पुस्तक संपते.

लेखकाची स्वतःची गोष्ट मात्र तेथे संपली नाही. लग्नानंतर चार वर्षे तो खेळत राहिला, पत्नीचे दागिने व कपडे गहाण पडले. एप्रिल १८७१ मध्ये वीसबाडेन येथे तो अखेरचा हरला आणि त्यानंतर, १८८१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पुन्हा खेळला नाही. त्याच वर्षी तो रशियात परतला आणि १८७२ च्या अखेरीस जर्मनीतील अड्डेच कायद्याने बंद झाले, तेव्हा श्रेय कोणाला द्यावे हा वाद टीकाकारांत आहे. त्या शेवटच्या रात्रीचे वर्णन त्याने पत्नीला लिहिलेल्या पत्रात सापडते. रात्री साडेनऊच्या सुमारास सर्व गमावून तो वेड्यासारखा तेथील रशियन धर्मगुरूकडे धावत निघाला. हा प्रभूचा मेंढपाळ आहे, याच्याशी खाजगी माणसासारखे न बोलता पापकबुली द्यावी तसे बोलू, असे तो अंधारात अनोळखी गल्ल्यांतून जाताना मनाशी घोकीत होता. वाट चुकली. चर्च समजून तो ज्या इमारतीपाशी पोहोचला ते यहुद्यांचे सभास्थान आहे, असे एका दुकानात विचारल्यावर त्याला कळले. अंगावर थंड पाणी ओतल्यासारखे झाले, असे तो म्हणतो. तो खोलीवर परतला आणि मध्यरात्री पत्र लिहावयास बसला. आता त्या धर्मगुरूकडे आपण कोणत्याही कारणाने जाणार नाही, असे पत्नीला त्याच पत्रात वचन दिले. कारणही दिले आहे: तो आपल्या जुन्या, संपलेल्या दिवसांचा साक्षीदार आहे, आणि त्याची नुसती गाठ पडणेही आता आपल्याला दुःखाचे होईल.